थंडीसाठी लाकडाची भट्टी घेताय? या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा ६-७ अंशांवर येतो, तोरणमाळकडे तर विचारूच नका. मग घरात लोखंडी भट्टी बसवायचं मनात येतं आणि पहिला प्रश्न निघतो, "स्वस्तात केवढ्याला पडेल?" भट्टी स्वस्तातली चालते, धुराचा पाइप स्वस्तातला चालत नाही. बहुतेकांचा हिशेब नेमका उलटा असतो.

भट्टीचं धूर निघायचं तोंड ६ इंची असेल तर पाइपही वरपर्यंत ६ इंचीच हवा, शक्यतो सरळ. खिडकीतून आडवा काढून सोडला की वारा फिरताच धूर घरात. पाइपाचं टोक छपराच्या किमान ३ फूट वर हवं. १० फुटांच्या आत पाण्याची टाकी किंवा शेजाऱ्याची भिंत असेल तर तिच्याहून २ फूट उंच. धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात सान्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, पाइप काढणं सोपं वाटतं, पण आजूबाजूला वाळलेलं सागवान असतं. उघड्या पाइपापासून लाकूड दीड फूट लांब, भट्टीपासून ३ फूट. सिमेंटचा पत्राही तापला की तडकतो, त्याला पाइप चिकटू देऊ नका.

जुन्या ड्रमची भट्टी सगळ्यात स्वस्त, पण तो पत्रा जेमतेम १ मिमीचा. लवकर जळून भोकं पडतात. फॅब्रिकेशनवाल्याला ४-५ मिमीची प्लेट सांगा. जीआयचा (जस्ताचा थर दिलेला) पत्रा अजिबात नको, तापल्यावर जस्ताचा विषारी धूर सोडतो.

मोठी भट्टी म्हणजे जास्त ऊब, हाही गैरसमज. लहान खोलीत ती सोसवत नाही, मग हवेची झडप दाबून धुमसत ठेवतात. तो धूर पाइपात गार होऊन डांबरासारखा थर धरतो आणि एखाद्या रात्री तोच थर पेट घेतो. लहान भट्टी घ्या, जाळ झगझगीत ठेवा, पाइप हिवाळ्याआधी झाडून घ्या.

पेटवताना धूर उलटा येतो? पाइपात गार हवा बसलेली असते. आधी कागदाचा बोळा पाइपाच्या तोंडाशी जाळा, ओढ लागली की लाकूड घाला. तरीही धूर येत असेल तर बहुधा लाकूड ओलं आहे. दोन ढलपे एकमेकांवर आपटून बघा: वाळलेले खणखणतात, ओले बद्द वाजतात. यंदा तोडलेली बाभूळ फोडून पुढच्या हिवाळ्यालाच जाळावी. पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) भुर्रकन जळते, तिचा उपयोग पेटवणापुरता.

खिडकी बोटभर उघडी राहू द्या. निखारे धगधगत असताना झडप पूर्ण बंद करून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. डोकं दुखलं, मळमळलं तर आधी सगळ्यांना बाहेर काढा.

राख सकाळी गार दिसते, आत निखारा तीन-चार दिवसही जिवंत राहू शकतो. ती झाकणाच्या डब्यात भरून कडब्याच्या गंजीपासून लांब ठेवा, उकिरड्यावर चार दिवसांनी टाका.