फ्लॅश लावला की फोटोत काळा पट्टा का येतो? शटर स्पीडच्या या चुका टाळा

फ्लॅश लावून काढलेल्या प्रत्येक फोटोत दोन लाइट असतात, एक हॉलमधला किंवा उन्हाचा जो सतत चालू असतो आणि दुसरा फ्लॅशचा जो क्षणात येऊन जातो. शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं ते, कमीजास्त केला की बदलतो तो फक्त पहिला लाइट, फ्लॅशवर त्याचा काही परिणाम होत नाही. फ्लॅशचा उजेड ठरतो अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं आहे), आयएसओ (कॅमेरा उजेड किती जास्त पकडतो), फ्लॅशची पॉवर आणि माणूस किती लांब आहे यावर. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं ना की पुढच्या बऱ्याच चुका होतच नाहीत. उदाहरणं लग्नाचीच देतोय, कारण आपल्याकडे बहुतेक मुलं फ्लॅश पहिल्यांदा चालवतात ती लग्नातच.

शटर सिंक स्पीडच्या वर नेणं

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, फोटोत खाली काळा पट्टा आलाय, कॅमेरा बिघडला का? नाही बिघडला. डीएसएलआर आणि बहुतेक मिररलेसमध्ये सेन्सरसमोर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या भागासमोर, शटरचे दोन पडदे असतात, पहिला सरकून सेन्सर उघडतो आणि दुसरा त्याच्यामागून त्याच दिशेने येऊन झाकतो. पडद्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला साधारण ३ ते ४ मिलीसेकंद लागतात आणि तुम्ही शटर स्पीड कितीही ठेवा, हा वेळ तेवढाच राहतो. १/२०० वर पहिला पडदा पूर्ण पोचतो, मग दुसरा निघतो, मध्ये अख्खा सेन्सर उघडा असतो आणि फ्लॅश बरोबर तेव्हा पडतो. १/५०० वर मात्र पहिला पोचायच्या आतच दुसरा निघालेला असतो, म्हणजे सेन्सर पूर्ण उघडा असा कधी नसतोच, नुसती एक फट सरकत जाते, आणि जो भाग झाकलेला त्याला फ्लॅश मिळत नाही. आडव्या फोटोत पट्टा बहुतेक वेळा खाली दिसतो कारण सेन्सरवर चित्र उलटं पडतं, कॅमेरा उभा धरला तर तो बाजूला येतो. उन्हात तर तो काळाही नसतो, नुसता थोडा मंद असतो, त्यामुळे मागच्या स्क्रीनवर कळत नाही आणि अल्बम करताना कळतं.

ज्या स्पीडपर्यंत अख्खा सेन्सर उघडा मिळतो तो सिंक स्पीड. कॅनन १५००डी ला १/२००, निकॉन डी८५० ला १/२५०, कॅनन ६डी ला १/१८०, आपापल्या कॅमेऱ्याचा मॅन्युअलमध्ये बघून घ्या. त्याच कंपनीचा फ्लॅश हॉटशूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश लावायची खाच) असेल तर कॅमेरा स्वतःच तुम्हाला वर जाऊ देत नाही, पण साधा मॅन्युअल ट्रिगर (दुरून फ्लॅश पाडणारं यंत्र) लावला की कॅमेऱ्याला फ्लॅश आहे हेच माहीत नसतं, मग तो १/१००० पण खुशाल घेऊ देतो. शिवाय स्वस्त रेडिओ ट्रिगर सिग्नल किंचित उशिरा पोचवतात, म्हणून कागदावर १/२०० असलं तरी १/१६० किंवा १/१२५ वर राहिलेलं बरं. घरी पांढऱ्या भिंतीवर १/१२५, १/१६०, १/२००, १/२५० असे फोटो काढून बघा, कुठून पट्टा सुरू होतो ते लगेच दिसेल, आणि ही टेस्ट ट्रिगर बदलला की परत करायची.

उन्हातली हळद

दुपारी अंगणात हळद, डोक्यावर ऊन, आणि मागचं धूसर पाहिजे म्हणून अॅपर्चर एफ २.८, म्हणजे मोठं भोक. कडक उन्हात आयएसओ १०० ला एफ १६ वर साधारण १/१०० लागतो, तिथून एफ २.८ म्हणजे ५ स्टॉप (प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट), म्हणजे शटर १/३२०० ला जातो. १/२०० वर अडकून राहिलात तर फोटो ४ स्टॉप जास्त उजळ, नवरीची पिवळी साडीसुद्धा पांढरी दिसणार. इथे हाय स्पीड सिंक लागतो. त्यात फ्लॅश एकदाच न पडता, फट सरकत असते तेवढा सगळा वेळ बारीक बारीक झपाट्यांनी चालू राहतो. पण पॉवर खूप पडते, २ स्टॉप किंवा त्याहून जास्त, आणि वर शटर स्पीड वाढवत नेला तसतसा फ्लॅशही कमी होत जातो, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला नियम इथे लागू नाही. म्हणून लांबून फ्लॅश मारून उपयोग नाही, असिस्टंटला लाइट घेऊन जवळ उभं करा, अंतर निम्मं केलं तर उजेड चौपट होतो. निकॉनमध्ये हे मेनूत ऑटो एफपी नावाने चालू करावं लागतं, आणि डी३५०० किंवा डी५६०० मध्ये ती सोयच नाही, त्यांनी सरळ ४ स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची काळसर काच) लावावा किंवा सावलीत जावं. एनडी फ्लॅशचा उजेडही तेवढाच खातो हे धरून चाला.

मागचं डेकोरेशन काळं येणं

पट्ट्याची भीती बसली की लोक कायम १/२०० आणि आयएसओ १०० वरच राहतात. मग नवरा-नवरी लख्ख आणि मागे एवढे पैसे घालून केलेली फुलांची सजावट अंधारात. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण हॉलमध्ये लाइट असतो, फक्त तो सेन्सरवर साठायला वेळ दिलेला नसतो. शटर १/६० ला आणा, आयएसओ ८०० किंवा १६०० करा, फ्लॅशची पॉवर कमी करा, मागचं सगळं उठून येईल. अॅपर्चर प्रायोरिटीवर (शटर स्पीड कॅमेरा ठरवतो तो मोड) मात्र हे सोडू नका, काही कॅमेरे अंधारात आपणहून १/४ सेकंदापर्यंत जातात आणि सगळे हललेले येतात. मॅन्युअल मोड ठेवा. एलईडीच्या लाइटमुळे पट्टे येत असतील तर १/५० किंवा १/१०० करून बघा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे असे लाइट बऱ्याचदा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात.

अक्षता हवेत गोठवायला शटर वाढवणं

अंतरपाट बाजूला झाला, अक्षता उडाल्या, त्या हवेत थांबलेल्या हव्यात म्हणून लोक शटर वाढवायला जातात आणि पट्टा ओढवून घेतात. हॉलच्या उजेडात अक्षता गोठवतो तो फ्लॅश, कारण त्याची चमक शटरपेक्षा कितीतरी लहान असते. निकॉन एसबी-९०० पूर्ण पॉवरवर साधारण १/८८० सेकंद चमकतो आणि १/१६ पॉवरवर १/१०००० सेकंद! म्हणजे पॉवर जेवढी कमी तेवढं गोठणं जास्त, आणि फ्लॅश लगेच परत चार्ज होतो म्हणून लागोपाठ फोटो मिळतात. पूर्ण पॉवरवर पहिला फोटो येतो आणि दुसरा काळा, आणि तो क्षण काही परत येत नाही. फक्त या वेळी फोटोत हॉलचा लाइट कमी येऊ द्या, नाहीतर अक्षतांच्या मागे रेघा दिसतील.

वरातीत उलट करायचं, १/१५ वर रेघा हव्याच असतात, पण रिअर कर्टन सिंक लावा, त्यात फ्लॅश शेवटी पडतो. साध्या सेटिंगवर फ्लॅश सुरुवातीला पडतो आणि रेघा नाचणाऱ्याच्या पुढे जातात, माणूस मागे मागे चाललाय असं वाटतं.

फ्लॅश पडतच नाही

मंगलाष्टकांच्या वेळी आवाज नको म्हणून सायलेंट शटर चालू केलेलं असतं आणि बहुतेक मिररलेसमध्ये त्यात फ्लॅश बंद होतो, आधी ते बघा. सोनीने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ए९ थ्रीमध्ये सगळा सेन्सर एकदम वाचला जातो, तिथे पट्टा नाही आणि सिंक स्पीडची अटही नाही, पण तो आपल्यातल्या किती जणांच्या बॅगेत असणार. सायलेंट शटर बंद असूनही फ्लॅश पडत नसेल तर हॉटशू बघा, कॅनन २००डी मार्क टू ला मधला गोल कॉन्टॅक्टच नाही, त्यामुळे एका पिनचे साधे ट्रिगर त्यावर चालत नाहीत, कॅननच्या पिनांशी बोलणारा टीटीएल ट्रिगर घ्यावा लागतो, आणि तो लग्नाच्या आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी लावून बघा.