फिगेरेसचं दाली थिएटर कसं बघायचं, नाटकवाल्याच्या नजरेने

बार्सिलोनाच्या ट्रिपमध्ये एक दिवस फिगेरेसला (स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीच्या गावाला) घालवून आलेले बरेच जण परत येऊन "काहीतरी विचित्र म्युझियम होतं बुवा" एवढंच सांगतात. पण ते जातात म्युझियम बघायला आणि ती इमारत आहे थिएटरची. नावातच आहे, दाली थिएटर-म्युझियम. प्रेक्षक बसायचे तिथे आता उघडं अंगण आहे, स्टेजच्या जागी काचेच्या घुमटाखालचा हॉल आहे आणि स्टेजच्या खाली साल्वादोर दाली स्वतः पुरलेला आहे. कधी विंगेत उभं राहून प्रॉपर्टी (नाटकातल्या वस्तू) सांभाळली असेल, नाहीतर नुसतं तिसऱ्या घंटेच्या आधी रंगपटाच्या दारात घुटमळला असाल, तर ही जागा तुम्हाला पटकन कळेल. नसाल तरी हरकत नाही, खाली सांगतो तसं बघा.

आधी थोडा इतिहास, नाहीतर आत गेल्यावर काही लागणार नाही. हे गावाचं म्युनिसिपल थिएटर, एकोणिसाव्या शतकातलं, आणि १९३९ मध्ये स्पेनचं यादवी युद्ध संपता संपता ते जळलं. भिंती उरल्या, छप्पर गेलं. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळलं त्याचे फोटो ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं वर्णन करून सांगायला नको. पुढे वीसेक वर्षं ते तसंच पडून होतं. मग १९६० च्या सुमाराला मेयरने दालीला म्हटलं, गावच्या म्युझियमला एखादं चित्र द्या, तर हा म्हणाला एक कशाला, अख्खं म्युझियमच देतो, पण या पडक्या थिएटरात. कारणं पण दिली त्याने. एक, मी नाटकीच चित्रकार आहे. दोन, समोरच्याच चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झालाय. तीन, माझी चित्रं लोकांनी पहिल्यांदा पाहिली ती याच थिएटरच्या फॉयरमध्ये, म्हणजे प्रेक्षक थांबतात त्या दालनात (तेव्हा तो चौदा वर्षांचा होता). काम सुरू व्हायला १९७० उजाडलं आणि उद्घाटन झालं २८ सप्टेंबर १९७४ ला. सरकारी काम तिकडेही तसंच चालतं हे वाचून जरा बरं वाटलं.

पोचायचं कसं ते पटकन सांगतो. बार्सिलोना सांट्सहून फास्ट ट्रेन तासाभरात पोचवते पण ती फिगेरेस-विलाफांत नावाच्या वेगळ्या स्टेशनला थांबते, तिथून म्युझियम चालत वीसेक मिनिटं. साधी रीजनल ट्रेन दोन तासांच्या आसपास घेते पण गावातल्या स्टेशनला सोडते आणि भाडंही कमी. घाई नसेल तर मी साधीच घेईन. तिकीट ऑनलाइन काढा, वेळेचा स्लॉट मिळतो, उन्हाळ्यात तर दारात जाऊन बघू म्हणणाऱ्यांची मजाच असते. वर्षातले बरेच महिने सोमवारी बंद असतं तेव्हा तारीख टाकून वेबसाइटवर बघूनच ट्रेन बुक करा. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत, फोटो काढू देतात पण फ्लॅश नाही.

आता आत. ठरलेला मार्ग नाहीये, दालीला तो नकोच होता, त्यामुळे "इकडून सुरू करा" असा बाण शोधत बसू नका. माझा सल्ला, प्रेक्षक म्हणून सुरुवात करा. दारातून आत आलात की सरळ अंगणात जा, हे जुनं प्रेक्षागृह, पिटातल्या खुर्च्यांची जागा. छप्पर नाही, वर आकाश. मधोमध काळी कॅडिलॅक उभी आहे, नाणं टाकलं की गाडीच्या आत पाऊस पडतो (बाहेर नाही, आत!), आणि तिच्यामागे टायरची उंच चवड, त्यावर गालाची होडी. गाला म्हणजे बायको. इथे सगळे गाडीचा फोटो काढून पुढे सटकतात. तुम्ही गाडीकडे पाठ करा आणि वर भिंतींकडे बघा, गोलाकार भिंतीत खिडक्याच खिडक्या आणि त्यात सोनेरी पुतळे उभे आहेत, बाल्कनीतून खाली बघणाऱ्या पब्लिकसारखे. म्हणजे तुम्ही प्रेक्षक म्हणून आलात आणि प्रेक्षक तुमच्याकडे बघतायत. तेव्हाच मला कळलं की या माणसाने नेपथ्य किती विचार करून लावलंय.

मग समोर बघा. अंगण आणि स्टेज यांच्यामध्ये काचेची भिंत आहे, दर्शनी पडदा असतो बरोबर त्या जागी. पलीकडे भला मोठा रंगवलेला मागचा पडदा दिसतो, एक प्रचंड धड, छातीत दार असल्यासारखी फट. हा खराखुरा नाटकातला पडदा आहे, १९४१ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात झालेल्या एका बॅलेसाठी दालीने केलेला. बाकीच्या म्युझियमांमध्ये पडदे गुंडाळून गोडाऊनमध्ये असतात, इथे तो स्टेजवर जिथे असायला हवा तिथेच टांगलाय. लांबून बघून झालं की स्टेजवर जा आणि जवळून बघा. जवळून तो चित्र राहतच नाही, नुसते मोठे मोठे रंगाचे पट्टे होतात, कारण तो शेवटच्या रांगेसाठी रंगवलाय, तुमच्या नाकासाठी नाही. आपल्याकडे जुन्या कंपन्यांचे राजवाड्याचे आणि जंगलाचे पडदे ज्यांनी जवळून पाहिलेत त्यांना हे माहितीय.

स्टेजवर उभे आहात तोवर वर मान करा. तो जाळीदार घुमट एमिलियो पेरेस पिन्येरो या आर्किटेक्टचा, बिचारा १९७२ मध्ये अपघातात गेला, उद्घाटन बघायला राहिला नाही. याच हॉलमध्ये भिंतीवर चौकोन चौकोन जोडल्यासारखं एक मोठं चित्र आहे, समुद्राकडे बघणारी पाठमोरी गाला. ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा, किंवा डोळे बारीक करा, अब्राहम लिंकनचा चेहरा दिसेल. चित्राच्या नावातच लिहिलंय की १८ मीटरवरून लिंकन दिसतो. तिथे कायम आठ-दहा जण मोबाइल धरून "अरे हो की!" करत असतात, वेगवेगळ्या भाषांत.

आणि आता पायाखाली. स्टेजच्या जमिनीत एक साधी मोठी फरशी आहे, लोक तिच्यावरून लिंकनच्या नादात चालत जातात. तिच्या खाली दाली आहे. २३ जानेवारी १९८९ ला गेला, मग इथे पुरला. २०१७ च्या जुलैमध्ये एका बाईने मी त्याची मुलगी आहे असा दावा केल्यावर कोर्टाच्या आदेशाने ही दीड टनाची फरशी उचलली, ड्रोनवाल्यांनी फोटो काढू नयेत म्हणून काचेचा घुमट कापडाने झाकला, आणि उघडून बघतात तर मिश्या जशाच्या तशा, घड्याळाच्या काट्यांसारख्या वर वळलेल्या, दहा वाजून दहा मिनिटं! डीएनए जुळला नाही, पण एंट्री झाली ना राव. मेल्यावर अठ्ठावीस वर्षांनी स्टेजखालून.

फरशी बघितल्यावर लगेच खाली जायचा जिना शोधा, हे बहुतेक लोक विसरतात. स्टेजच्या खाली म्हणजे आपल्याकडे जिथे मोडक्या लेव्हल्स, जुने सेटचे फ्लॅट आणि कुणाचा तरी डबा सापडतो ती जागा. इथे तिथे त्याची कबर आहे, भिंतीत नाव आणि साल, १९०४-१९८९. आधी वर उभं राहून मग खाली गेलात तर दोन मिनिटांपूर्वी आपण कुठे उभे होतो ते डोक्यात येतं, उलट केलंत तर हा परिणाम मिळत नाही. म्हणून क्रम पाळा.

बाकीचं मग निवांत. मे वेस्टच्या (जुनी हॉलिवूडची नटी) खोलीत रांग असते, सोफा म्हणजे ओठ, चित्रं म्हणजे डोळे, जिन्यावर चढून भिंगातून बघितलं की चेहरा जुळतो. एकदा बघा, पण त्यासाठी अर्धा तास घालवू नका. त्यापेक्षा पहिल्या मजल्यावर जुन्या फॉयरमध्ये वेळ द्या, म्हणजे तीच जागा जिथे तो चौदाव्या वर्षी पहिल्यांदा मांडून बसला होता. छतावर स्वतःला आणि गालाला खालून बघितल्यासारखं रंगवलंय, तळपाय दिसतात. बाकावर बसून बघा, मान दुखते. शिवाय एका लाल मखमली खोलीत छोटी चित्रं आहेत, त्यात पावाच्या टोपलीचं १९४५ चं चित्र शोधा, म्हणजे याला हात किती होता ते कळेल आणि "हे काय आमचा बंड्यापण काढेल" हे बंद होईल. वितळलेल्या घड्याळांचं त्याचं प्रसिद्ध चित्र मात्र इथे नाही, मूळ न्यूयॉर्कला आहे, उगाच गार्डला विचारत फिरू नका.

मुलं बरोबर असतील तर त्यांना सांगायला एक गोष्ट: १९६७ मध्ये एअर इंडियाने दालीकडून ॲशट्रेचं डिझाइन करून घेतलं, आणि मोबदला म्हणून याने मागितलं हत्तीचं पिल्लू. एअर इंडियाने खरंच विमानाने पाठवलं. आपल्या मुलांना कॅडिलॅकपेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

खायला बाहेरच, आसपास भरपूर हॉटेलं आहेत, शाकाहारींनी टोमॅटो चोळलेला पाव आणि बटाट्याचं ऑम्लेट (अंडं चालत असेल तर) धरून चालावं. जेवणाआधी इमारतीला बाहेरून एक चक्कर मारा, लाल भिंतीवर पाव चिकटवलेत आणि गच्चीवर पांढरी अंडी आहेत, तो भाग म्हणजे तोरे गालातेया (गालातेया बुरूज), शेवटची वर्षं दाली तिथेच राहत होता. समोरचं सांत पेरे चर्च उघडं असेल तर डोकवा. आणि तिकीट फेकून देऊ नका, त्याच तिकिटावर बाजूच्या दागिन्यांच्या प्रदर्शनात जाता येतं, त्याचं दार वेगळं आहे.