‘मोर बेटर’ लिहिण्याआधी थांबा

वेल, बेटर, बेस्ट. बॅडली, वर्स, वर्स्ट. लिट्ल, लेस, लीस्ट. मच, मोर, मोस्ट. फार, फर्दर, फर्देस्ट. इंग्रजी क्रियाविशेषणांची अनियमित रूपं म्हणून मुख्यतः एवढीच लक्षात ठेवायची आहेत, तरी वह्या तपासताना माझं लाल पेन इथेच संपतं.

सगळ्यात हट्टी चूक ‘मोर बेटर’. ती येते कुठून ते कळतं. मराठीत ‘चांगलं’ जागचं हलत नाही, आधी ‘जास्त’ लावलं की काम झालं. इंग्रजीत ते ‘जास्त’ ‘बेटर’च्या पोटातच बसलेलं असतं. एका मुलाने लिहिलं, ‘शी सिंग्ज मोर बेटर दॅन मी’. मी घाईत शेरा मारला, ‘एक शब्द जादा’. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने इमानदारीत ‘बेटर’ खोडून आणलं: ‘शी सिंग्ज मोर दॅन मी’. व्याकरणात खोट काढायला जागा नाही, पण आता ती माझ्यापेक्षा चांगली नव्हे, नुसती जास्त गाते! चूक त्याच्यापेक्षा माझ्या शेऱ्याची. तेव्हापासून मी दोन्ही वाक्यांचे मराठी अर्थ शेजारी शेजारी लिहायला लावतो. वेळ जातो. पाच मिनिटांत तक्ता पाठ करून मोकळं व्हायचं असतं ते वैतागतात. वैतागू देत. फरक मोठा आहे असं सांगायचंच असेल, तर ‘मच बेटर’ आहे की.

दुसरी खोड ‘वर्स्ट दॅन’. भरभर बोलताना शेवटचा ‘ट’ नीट ऐकूच येत नाही, त्यामुळे कानावर विसंबू नका. माझी सवय अशी: लिखाण संपलं की फक्त ‘दॅन’ शोधत मागे जायचं आणि त्याच्या अलीकडे ‘स्ट’ने संपणारा शब्द दिसला की थांबायचं. ‘ही प्लेड वर्स दॅन बिफोर’, बस.

‘शी सिंग्ज गुड’ नको, ‘वेल’. ‘बेटर’ आणि ‘बेस्ट’ मात्र दोघांचेही, गोंधळ तिथूनच होतो.

अंतर असेल तर ‘फार्दर’ आणि ‘फर्दर’ दोन्ही चालतात. चर्चा पुढे न्यायची तर ‘फर्दर’च. यावर तासभर वाद घालणाऱ्यांनी आधी ‘मोर फास्टर’ बंद करावं.

‘हार्ड’ला ‘ली’ चिकटवू नका. ‘आय हार्डली वर्क्ड’ म्हणजे मी जेमतेमच काम केलं, आणि हे लोक नोकरीच्या अर्जात लिहितात.

‘ही टॉक्स लेसर’ही नको, ‘लेस’ लिहा. ‘लेसर-नोन’सारखे जोडशब्द तेवढे सोडून.