गोव्यात पहिल्यांदा डॉग शोला जाताय? या चुका टाळा

दिवाळी सरून हवा जरा सुकी झाली की आपल्या बाजूला डॉग शोचे दिवस येतात. दर वर्षी फोंड्याहून आमच्या ओळखीतली दोन-तीन कुटुंबं हौसेने जातात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परत निघतात. "कुत्री नुसती गोल फिरवतात, त्यात बघायचं काय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचं वाईट वाटतं. बघण्यासारखं खूप असतं, पण कुठे बघायचं ते कोणी सांगितलेलं नसतं.

बक्षिसाच्या वेळी पोचणं

'बेस्ट इन शो', म्हणजे सगळ्या शोमधला सर्वोत्तम कुत्रा निवडणं, संध्याकाळी असतं म्हणून बरेच जण चारनंतर येतात. तेव्हा रिंगमध्ये एक ग्रेट डेन, एक पग, एक जर्मन शेफर्ड असे एकमेकांशी काही संबंध नसलेले कुत्रे उभे असतात. निकाल लागतो आणि नवखा माणूस गोंधळतो. पगने ग्रेट डेनला हरवलं, म्हणजे नक्की कशात?

उत्तर सकाळच्या रिंगमध्ये असतं. आधी एकाच जातीचे कुत्रे एकमेकांसमोर येतात आणि त्यांतून त्या जातीतला सर्वोत्तम निवडला जातो. मग एकेका गटातल्या जातींचे विजेते, आणि शेवटी सगळ्या गटांचे विजेते. जगातल्या बऱ्याच देशांतल्या शोंना नियम घालून देणारी एफसीआय (फेडरेशन सायनोलॉजिक इंटरनॅशनल) ही संस्था १९११ साली स्थापन झाली. तिने जातींचे १० गट केलेत. आपल्याकडची केनेल क्लब ऑफ इंडिया, म्हणजे चेन्नईची केसीआय, तिच्याशी जोडलेली आहे. प्रत्येक जातीचं एक लेखी वर्णन ठरलेलं असतं: डोकं कसं, छाती किती खोल, शेपटी कुठे, चाल कशी. जज पगला ग्रेट डेनशी ताडून बघत नाही. पग पगच्या वर्णनाच्या किती जवळ आहे आणि डेन डेनच्या, एवढंच तो बघतो. हे एकदा कळलं की सगळा शो उलगडतो.

"एवढा देखणा कुत्रा बाहेर कसा काढला?" याचं उत्तरही त्या वर्णनातच मिळतं. बाहेरून न दिसणाऱ्या गोष्टी जज हाताने तपासतो. लॅब्राडॉरचे वरचे पुढचे दात खालच्या दातांना लागून कात्रीसारखे बसायला हवेत. नर असेल तर दोन्ही वृषण पिशवीत उतरलेले हवेत. लांबून हे तुम्हाआम्हाला दिसत नाही, म्हणून निकालावर ओरडू नका. शो संपल्यावर जजला वेळ असेल तर नम्रपणे विचारा. पुष्कळ जज आनंदाने सांगतात.

सगळं बघण्याच्या नादात काहीच न दिसणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. पहिल्या दिवशी एकच जात निवडा आणि तिच्या रिंगपाशी खुर्ची टाकून बसा. वाड्यावर रोज दिसणारी जात असेल तर उत्तम, लॅब्राडॉर चालेल, शेफर्ड चालेल.

मी सुरुवात केली कारवान या शिकारी जातीपासून, तीही योगायोगाने. सावली त्याच रिंगला होती. शेजारी बेळगावकडचे एक वयस्क काका घडीची खुर्ची घालून बसले होते. मी कुत्र्यांच्या तोंडाकडे बघत होते, ते चिंचोळं लांब डोकं, ते शांत डोळे. काका म्हणाले, "बाय, तोंडाकडं नको बघूस. पाय बघ."

मी नजर खाली आणली. हँडलरने, म्हणजे रिंगमध्ये कुत्रा फिरवणाऱ्या माणसाने, कुत्र्याला सरळ लांब नेलं आणि परत आणलं. कुत्रा समोरून येताना वेग वाढला तसे त्याचे पाय हळूहळू मधल्या रेषेकडे सरकत गेले, पण एकमेकांना लागले नाहीत. मग गोल फेरी सुरू झाली. बाजूने बघितलं तर पाय लांब पडत होते आणि पाठ मात्र जागची हलत नव्हती. पाण्याची वाटी ठेवली असती तरी सांडली नसती. त्याच्या मागचा कुत्रा अंगाने भरलेला आणि जास्त चकचकीत होता, पण प्रत्येक पावलाला त्याची पाठ वरखाली होत होती. "आता कळलं?" काकांनी विचारलं. कळलं होतं. मैल न् मैल ससा धुंडणाऱ्या कुत्र्याची ताकद अशी वाया जाऊन चालत नाही. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाही.

रिंगमध्ये घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतात आणि कुत्रा हँडलरच्या डाव्या हाताला ठेवतात. त्यामुळे मध्ये उभ्या असलेल्या जजला कुत्रा सतत दिसतो, माणूस आड येत नाही. तुम्ही मात्र रिंगच्या बाहेर असता, म्हणून कोपऱ्यातली जागा पकडा. सरळ नेऊन परत आणतात तेव्हा चाल समोरून आणि मागून तिथूनच नीट दिसते.

आणखी एक मनापासून सांगते. हस्कीपुढे फोटोला रांग लागते आणि आपल्या मातीतल्या कुत्र्यांच्या रिंगला चार माणसंही नसतात. कारवान महाराष्ट्रातला. मुधोळ हाउंडचं मुधोळ कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात, म्हणजे आपल्याला घाट चढला की पलीकडेच. २००५ साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांवर चार तिकिटं काढली: मुधोळ, रामपूर, राजापालयम आणि हिमालयन शीपडॉग. त्यांतलं एखादं जनावर समोर चालताना दिसत असेल तर अर्धा तास त्याला द्या.

विचारल्याशिवाय हात लावणं

रिंगमध्ये जाण्याआधी कुत्र्याला हात लावू नका, हँडलरशी गप्पाही मारू नका. पूडलचे केस विंचरून तयार करायला तासन् तास लागतात. बाहेर आल्यावर विचारा, मग तेच लोक तुम्हाला अर्धा तास सोडत नाहीत. मुलांच्या हातात वेफर्स-बिस्किटं देऊन रिंगपाशी उभं करू नका. रिंगच्या दारात गर्दी करू नका.

पहिल्याच दिवशी आपला कुत्रा नेणं

बहुतेक शोमध्ये नोंद नसलेल्या कुत्र्याला आत घेतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण नियम बाजूला ठेवा, आपल्याकडची हवा लक्षात घ्या. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून जिभेवरून आणि तोंडातून वाफ बाहेर टाकतो, तेवढ्यावरच थंड होतो. गोव्याच्या दमट हवेत ही वाफ नीट उडत नाही. म्हणून कोरड्या गावात जो कुत्रा दुपार काढेल, तो इथे अकराला थकतो. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे तर फारच हाल.

माझा काळा लॅब्राडॉर मोती मी एकदा फेब्रुवारीत असाच नेला होता. मांडवात सावली होती, पण वारा नव्हता. आधी त्याची जीभ रुंद होऊन बाहेर लोंबली, मग लाळ चिकट झाली, मग हिरड्या गडद लाल. तो उठेना. अशा वेळी थांबून बघायचं नाही. सावलीत न्या, पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला साधं गार पाणी ओतत राहा, वारा घाला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो तापतो आणि उष्णता आत कोंडतो. पाणी थोडं थोडं पाजा आणि तसेच डॉक्टरकडे निघा. कुत्र्याचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ४१च्या पुढे गेलं की जिवावर बेततं. मोती वाचला. त्यानंतर मी त्याला दुपारी कुठेच नेलं नाही. बंद गाडीत तर पाच मिनिटंही ठेवू नका.

पुढे कधी नेणार असाल तर लसीकरणाचं कार्ड बरोबर हवं. वर्षानुवर्षं घरोघर, वाड्यावाड्यावर कुत्र्यांना लस टोचली, म्हणून २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. ते काम आपल्या आळसाने मागे जायला नको. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू शोला अजिबात नको, पार्वो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो. माजावर आलेली कुत्रीही घरीच राहू दे.

अॅजिलिटीत घाई करणं

अॅजिलिटी म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. घरी गावठी कुत्रा असेल तर हा खेळ तुमचा. इथे दात, कान, वंशावळ काही लागत नाही, सरावाला एक मैदान पुरतं. १९७८ साली इंग्लंडच्या क्रफ्ट्स शोमध्ये दोन कार्यक्रमांच्या मधली मोकळी वेळ भरायला घोड्यांच्या उड्यांच्या धर्तीवर हा खेळ दाखवला, आणि तिथून तो जगभर गेला. उड्या, बोगदा, झोका-फळी (सी-सॉ), आणि ओळीत रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी धाव.

पिल्लाला उड्या मारायला लावू नका. त्याची हाडं अजून वाढत असतात. एफसीआयच्या स्पर्धेत १८ महिन्यांखालचा कुत्रा चालत नाही, ते यासाठीच. तोवर जमिनीवरचे खेळ घ्या. जागाही बघा: जांभ्याच्या कडक अंगणात उड्या नकोत, कापणी झालेल्या शेतात खुंट टोचतात. सकाळी सातच्या आत फुटबॉलच्या मैदानाची हिरवळ सगळ्यात बरी.

काठ्यांमध्ये कुत्रा चुकत असेल तर बहुतेक वेळा प्रवेशच चुकलेला असतो. पहिली काठी त्याच्या डाव्या खांद्याला यायला हवी. बारा काठ्या एकदम लावू नका. दोन लावा आणि वेगवेगळ्या बाजूंनी तेवढाच प्रवेश घटवून घ्या.

मध्येच थांबून जमीन हुंगायला लागला, जांभया द्यायला लागला, तर त्याला हट्टी म्हणू नका. तो गोंधळलाय किंवा दडपणाखाली आहे. सोपी गोष्ट करायला द्या, खाऊ द्या आणि त्या दिवशी तिथेच थांबा.

झोका-फळीला कुत्रे घाबरतात ते उंचीपेक्षा तिच्या आवाजाला आणि पायाखालून निसटण्याला. आमची गावठी चिंगी दूरवर फळी आपटली तरी पळायची. मी फळीच्या टोकाखाली जुनी गादी घातली आणि फळी हाताने धरून इंच-इंच खाली सोडली. पहिले चार दिवस नुसता फळीवर भात-मासळीचा घास ठेवला, चढायला सांगितलंच नाही. मग गादी पातळ करत गेले. पंधराव्या दिवशी गादी नव्हती. चिंगी चढली, मधोमध थांबली, फळी खाली गेली आणि धप्प वाजली. ती उतरली, कान मागे टाकून माझ्याकडे बघितलं, मग वळून पलीकडच्या टोकाला गेली आणि मी काही म्हणायच्या आत पुन्हा चढली.