आयर्नचं सलाईन झालं, मग फेरिटिन कधी तपासायचं? या चुका टाळा

सलाईन लागून दहाच दिवस झाले होते आणि कोथरूडच्या एक काकू आमच्या लॅबमध्ये हजर. आधीचं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) ७, आताचं ६४०. काकू खूश. पण हा आकडा फसवा असतो. शिरेतून लोह दिलं की फेरिटिन उसळतं आणि काही आठवड्यांत खाली येऊन स्थिरावतं. खरा साठा बघायचा तर निदान चार, शक्यतो आठ आठवडे थांबावं. हिमोग्लोबिन त्याआधी बघितलं तरी चालतं.

गोळ्या घेणाऱ्यांची चूक वेगळी. एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, १२ च्या वर गेलं की पाकीट कपाटात जातं. शरीर मिळेल ते लोह आधी रक्त बनवायला वापरतं, साठ्यात नंतर टाकतं. म्हणून एचबी नॉर्मल झाल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात. मध्येच सोडल्या तर सहा महिन्यांनी पुन्हा तीच दमछाक.

पावसाळ्यात पुण्यात डेंगीमुळे आणखी एक घोळ होतो. ताप, संसर्ग, सांध्यांची सूज, यकृताचा आजार, काहीही असलं तरी लोह नसतानाही फेरिटिन चढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे निरोगी प्रौढात फेरिटिन १५ च्या खाली असेल तर साठा संपलेला. अंगात संसर्ग किंवा सूज असेल तर हीच रेषा ७० पर्यंत वर सरकते. त्यामुळे तापातून नुकतं उठल्यावर ‘६० आलं, म्हणजे नॉर्मल’ असं समजू नका. सोबत सीआरपी (अंगातली सूज-संसर्ग दाखवणारी चाचणी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातलं लोह वाहणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते) करा. सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल तर डॉक्टरांना नक्की दाखवा.

नुसतं सीरम आयर्न, म्हणजे त्या वेळी रक्तात फिरणारं लोह, बघून साठा कळत नाही. सकाळी गोळी घेऊन आलात तर ते तेवढ्यापुरतं वाढलेलंच दिसणार.

आणि केसांच्या गोळ्या! लोह कमी म्हणून केस गळतात, केस गळतात म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व सुरू होतं, आणि काही मशीनवर तेच बायोटिन फेरिटिन खोटं कमी दाखवतं. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवा, निदान आम्हाला सांगा तरी.

आठ आठवड्यांनी काकू परत आल्या. फेरिटिन ११८.

“अहो, हे तर कमी झालं की!”

“काकू, हाच खरा आकडा.”

त्यांना काही ते पटलं नाही.