चक सुटतो तो मशीन थांबताना

लाकडाच्या लेथवर (लाकूड फिरवत ठेवून त्याला आकार देणारं मशीन) कापता कापता चक, म्हणजे ठोकळा जबड्यांत पकडणारा भाग, सहसा सुटत नाही. तो स्पिंडलवर, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्यावर, आट्यांनी चढतो आणि हे आटे उजवे असतात. हत्यार लाकडाला जितकं अडवेल, तितका चक आणखी आवळला जातो. तो सुटतो दोनच वेळी: मशीन उलटं फिरवल्यावर आणि फिरता स्पिंडल झटकन थांबल्यावर. पहिली वेळ सगळ्यांना ठाऊक असते, दुसरीकडे फारसं कुणी बघत नाही. इलेक्ट्रॉनिक ब्रेक स्पिंडलला लगेच अडवतो, पण जड चक आणि त्यातला वाडग्याचा ठोकळा यांना वेग असतोच. ते पुढे फिरत राहतात आणि आटे उलगडतात. म्हणून मोठा ठोकळा असला की मी ड्राइव्हमध्ये (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेत) थांबण्याचा वेळ वाढवून ठेवतो. ती सोय नसेल तर बंद करण्याआधी वेग हळूहळू खाली आणा.

पण खरी पकड चक अडवणाऱ्या छोट्या स्क्रूची (तो पुढे येतोच) नसतेच, बैठकीची असते. चकची मागची सपाट बाजू स्पिंडलच्या खांद्याला (आट्यांमागच्या रुंद कडेला) सगळीकडून टेकली पाहिजे. वजन तो खांदा पेलतो. आटे फक्त ओढून धरतात. चढवण्याआधी दोन्हीकडचे आटे जुन्या टूथब्रशने झाडा, खांद्याच्या कोपऱ्यातही ब्रश फिरवा. तिथे अडकलेला बारीक भुसा दाबला गेला की चक नीट बसल्यासारखा वाटतो आणि कामाच्या कंपनाने भुसा चेपला की सैल होतो. आटे हातानेच सहज चढायला हवेत. मध्येच अडले तर जोर न लावता परत काढा. शेवटचा अर्धा फेरा मात्र मनगटाचा झटका देऊन, खांद्याला टेकल्याचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत. मग कागदाची पट्टी सांध्यात कडेने सारून बघा. एकाही ठिकाणी ती आत गेली नाही पाहिजे. जात असेल तर बहुतेक वेळा दोष चकच्या इन्सर्टचा (चकमध्ये बसणाऱ्या आट्यांच्या तुकड्याचा) असतो: माप तेच लिहिलेलं, पण तोंडाशी आटे खांद्यापर्यंत पोचत नाहीत. आट्यांचं माप एम ३३ × ३.५ (३३ मिमी व्यास, ३.५ मिमी अंतराचे आटे) असो की १ इंच × ८ (इंचाला आठ आटे), हे तपासायलाच हवं. चक अडकू नये म्हणून काही जण मध्ये नायलॉनचा वॉशर घालतात. पातळ, सपाट, एकसारख्या जाडीचा असेल तर चालतो. मला मात्र धातूला धातू टेकलेलाच बरा वाटतो.

आता ग्रब स्क्रू. चकच्या मागच्या भागात, बाजूने एलन कीने आवळायचा हा छोटा स्क्रू उलट फिरताना चक सुटू देत नाही. तो आट्यांवर टेकता कामा नये. स्पिंडलच्या खांद्याजवळच्या खाचेत किंवा गुळगुळीत भागात टेकायला हवा. तशी जागा नसेल तर टोकाखाली पितळेचा छोटा तुकडा टाका, म्हणजे आटे चेपणार नाहीत. क्रम महत्त्वाचा: आधी चक पूर्ण बसवा, मगच स्क्रू आवळा. काढताना आधी स्क्रू सैल करा, नाहीतर त्याचं टोक स्पिंडलला ओरखडे पाडेल.

उलट फिरवणं मी सँडपेपर घासण्यापुरतंच ठेवतो, कमी वेगावर आणि मशीन हळू सुरू करून. तरी एक खूण करतो: चकच्या मागच्या कडेपासून स्पिंडलच्या खांद्यावर जाणारी पेन्सिलीची एक सरळ रेघ. प्रत्येक वेळी मशीन थांबल्यावर नजर टाकायची. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, की स्क्रू सोडा, चक पुन्हा बसवा, मग स्क्रू आवळा.

ठोकळ्याची जबड्यांतली पकड हा वेगळा विषय. इथे एवढंच की शक्य असेल तोवर टेलस्टॉकचा (ठोकळ्याला दुसऱ्या टोकाने टेकणाऱ्या भागाचा) आधार काढू नका, आणि चकची चावी हातातून सुटली की ती टेबलावर, चकमध्ये नाही.

चक घट्ट बसून निघत नसेल तर इंडेक्स पिनच्या (स्पिंडल एका जागी अडवणाऱ्या खिळीच्या) भरवशावर हिसके मारू नका. पिन वाकते किंवा तुटते. स्पिंडल पान्याने धरा, जबड्यांत लांब जाड लाकूड पकडा, आणि त्याचं टोक चकच्या सोडायच्या दिशेने हाताच्या तळव्याने ठोका.