लेव्हल 9 चा हट्ट सोडला

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका चादरवाल्या काकांचं बिलिंग मी सांभाळतो. कोड जुना पीएचपी, तिघांनी आपापल्या परीनं ठिगळं लावलेला. हौसेनं पीएचपीस्टॅन (कोड न चालवताच त्यातल्या चुका शोधणारं टूल) बसवलं आणि थेट लेव्हल 9 लावली; लेव्हल जितकी वरची, तितकी तपासणी कडक. हजारावर एरर! दोन दिवस नुसती स्क्रीन सरकवत बसलो.

मग गपगुमान 0 वर आलो. तिथं नसलेले क्लास, नसलेली फंक्शनं असलं ढोबळ तेवढंच पकडतं. ते निस्तरून 5 वर गेलो, तिथं फंक्शनला दिलेल्या आर्ग्युमेंटचे टाइपही (आकडा की मजकूर वगैरे) तपासतं. नंतर 8 लावून 'जनरेट-बेसलाइन' चालवलं. जुन्या चुका वेगळ्या फाइलीत (हीच बेसलाइन) जमा, नव्या कोडला मात्र पूर्ण कडक नियम. (हे पहिल्याच दिवशी करायचं होतं.)

बेसलाइन चाळताना एक नोंद दिसली. मोबाइल नंबरवरून गिऱ्हाईक शोधायचं आणि लगेच त्याचं नाव छापायचं. गिऱ्हाईक सापडलंच नाही तर हातात नल, म्हणजे काहीच नाही! "नवं गिऱ्हाईक आलं की बिल अडकतंय बघ," असं काका वर्षभर सांगत होते, ते हेच. मी बिचाऱ्या प्रिंटरला दोष देत होतो. एक इफ (गिऱ्हाईक सापडलं का, ही अट) घातला, झालं.

आता दर शनिवारी बेसलाइनीतल्या चार-पाच नोंदी काढतो. 9 आणि 10 मधलं ते मिक्स्ड टाइपचं (म्हणजे टाइप नक्की नसलेल्या गोष्टींचं) झेंगट सध्या तरी नको.